दादाची ट्रंक पुरात गेली

पत्र थोडक्यात : पत्र वडोदऱ्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई शेहेचाळीस वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. माहेर दांडिया बाजारातलं. त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा भाऊ २००० साली हायवेवरच्या अपघातात गेला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, लग्न व्हायचं होतं. पुढे वडीलही गेले, आई आता ताईंकडे असते. दादाचे फोटो, पत्रं, कपडे, फिरक्या असं सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत जपलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं आणि तळमजल्यावरची ट्रंक बुडाली. बहुतेक सगळं गेलं. आई म्हणाली, "जाऊ दे, नदीला मिळालं." ताईंना तो शांतपणा सहन झाला नाही. त्यातच कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने विचारलं, "मामा कसा होता गं?" ताई म्हणाल्या, "खूप हुशार होता, सगळ्यांना मदत करायचा." पुढे काही सुचेना. दादाचा आवाजसुद्धा आपल्याला आठवत नाही, हे त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं. चुलतभावाने सुचवलं आहे की दादाच्या शाळेत त्याच्या नावाने पंचवीस हजारांचं पारितोषिक ठेवावं. आई हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. ताई विचारतात : मी दादाला विसरत चालले आहे का? पारितोषिक ठेवावं का? आणि आईला काहीच कसं वाटत नाही? (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताई,

चार पानी पत्र संपल्यावर तुम्ही ता. क. म्हणून एक ओळ लिहिली आहे आणि मग ती खोडली आहे. खोडली तरी वाचता येते : "दादाने मांजासाठी माझ्याकडून दोनशे रुपये घेतले होते, ते कधी दिलेच नाहीत. हे लिहायला नको होतं."

मला उत्तर इथूनच सुरू करावंसं वाटतं, कारण अख्ख्या पत्रात तुमचा दादा मला फक्त या ओळीत भेटला. बाकीच्या पानांवर जो आहे तो हुशार, मनमिळाऊ, कुणाचं मन न दुखावणारा. वर्तमानपत्रात श्रद्धांजलीच्या फोटोखाली छापतात तसा. असा मुलगा कुणाच्याच लक्षात राहायचा नाही, कारण लक्षात ठेवायला त्याच्यापाशी काही नाही. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, तोंडावर धाकट्या बहिणीपुढे हात पसरणारा आणि मग पैसे सोयीस्करपणे विसरणारा मुलगा मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि मी तर त्याला कधी पाहिलंही नाही.

तेव्हा विसरत चालला आहात का, याचं माझं उत्तर असं : विसरलेलं फार नसावं. जे त्या हार घातलेल्या फोटोत बसत नव्हतं ते तुम्ही बाजूला ठेवत गेलात. त्याचं रागावणं, थापा मारणं, तुमच्या वेणीला गाठ मारून पळणं (हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तीन वर्षांनी मोठा भाऊ म्हटल्यावर असं काहीतरी असणारच). मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. त्या धाकात आपण माणसाचं चांगलं तेवढं ठेवतो आणि माणूस हातचा जातो.

आवाजाचं वेगळं आहे. चेहऱ्याला फोटोचा आधार असतो, तो रोज नजरेस पडतो. आवाजाला घरात तसा आधार उरत नाही, म्हणून तो मनातून लवकर पुसट होतो. मी हे अनेकांच्या पत्रांत वाचलं आहे, आणि प्रत्येकाला तो आपलाच गुन्हा वाटतो. गुन्हा नाही. शिवाय आवाज परत मिळण्याची थोडी शक्यता आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी तुम्ही घाईघाईने उरकलेल्या एका परिच्छेदाकडे येऊ. एकविसाव्या वर्षी तुम्ही समाचाराला येणाऱ्यांना चहा देत होतात. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "आई कशी आहे? बाबा सावरले का?" तुम्हाला कुणी काही विचारलं नाही. तेराव्याला एक आत्या म्हणाली, "आता तूच त्यांचा मुलगा. तू रडलीस तर आई कोसळेल." हे तुम्ही जणू कौतुकाने लिहिलं आहे, "आणि मी नाही रडले." ताई, मला ते वाचून आत्याचा राग आला. तिची भावना चांगली असेलही. पण भाऊ गेलेल्या मुलीला त्याच दिवशी त्याच्या जागी उभं केलं, आणि बहीण म्हणून रडायला तिला जागाच ठेवली नाही.

आपल्या परंपरेत भावंडाच्या शोकाला जागा नाही असं कुणी म्हणू नये. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली तेव्हा ते जेमतेम एकविशीचे होते, आणि मागे दोन भाऊ आणि बहीण राहिली. निवृत्तिनाथ तर नुसते थोरले भाऊ नव्हते, ज्ञानेश्वरांचे गुरू होते, वैराग्य शिकवणारे. नामदेवांनी त्या प्रसंगाचे अभंग लिहिले, त्यांत हेच निवृत्तिनाथ कोसळतात. आईवडील सोडून गेले तेव्हाही असं संकट वाटलं नव्हतं, असं बोलतात. गुरूला जे चाललं ते दांडिया बाजारातल्या एकवीस वर्षांच्या मुलीला चालायला हरकत नव्हती.

आता आई. "आईला काहीच कसं वाटत नाही" हा तुमचा प्रश्न मला पटला नाही, स्पष्टच सांगते. तुमच्याच पत्रात आहे की आई दरवर्षी त्याच्या तिथीला त्याच्या आवडीचं सगळं करते आणि एखाद्या कॉलेजच्या मुलाला जेवायला बोलावते. पंचवीस वर्षं ती उघडपणे रडली, तिला रडायची सगळ्यांची परवानगी होती. इतकी वर्षं दुःख बोलून, करून, वाढून झाल्यावर एखादी ट्रंक सोडणं तिला जमलं असेल. तुम्हाला ती मुभा नव्हती. तुमचं जे काही होतं ते त्या ट्रंकेत कुलूपबंद होतं, म्हणून ती गेल्यावर तुमचा भाऊ दुसऱ्यांदा गेला. दोघींची ट्रंक एकच होती, पण तीत ठेवलेलं वेगवेगळं होतं.

दुसरीही एक शक्यता आहे, ती जास्त साधी आहे. पाणी ओसरल्यावर तुम्ही गुडघाभर चिखलात बसून भिजलेले कागद सोडवत होतात आणि रडत होतात. समोर चौऱ्याहत्तर वर्षांची आई उभी. ती मुलीला दुसरं काय म्हणणार होती?

खरं कारण मला इथून कळणार नाही, तुम्हाला तिथे कळेल. विचारा. पण "तुला काही वाटत नाही का" असं विचारू नका, त्याचं उत्तर भांडणच असतं. संध्याकाळी दोघी मेथी निवडत बसला असाल तेव्हा विचारा, दादा लहानपणी कशावरून हट्ट करायचा? त्याला सगळ्यात जास्त मार कशासाठी बसला? आईकडे अशा गोष्टी असतील ज्या तुमच्या जन्माआधीच्या आहेत. पहिली तीन वर्षं तो तिच्या एकटीचा होता.

भाऊबीजेला तुम्ही दार लावून बसता आणि शेजारणी "चंद्राला ओवाळ" म्हणतात त्याचा तुम्हाला राग येतो. येऊ दे राग. ज्यांना भाऊ नाही त्यांच्यासाठी ती रीत आहे. तुम्हाला भाऊ आहे, तो गेला आहे, ही वेगळी गोष्ट आहे. पण या सणाची जी जोडी, यम आणि त्याची बहीण यमी, तिची एक जुनी कथा यजुर्वेदाच्या मैत्रायणी संहितेत आहे. ती तुमच्यासाठी इथे सांगते. यम मेला. देव यमीचं सांत्वन करायला गेले. कधीही विचारलं तरी ती म्हणे, "आजच गेला." कारण तेव्हा रात्र नव्हतीच, सगळा एकच दिवस होता. देवांनी विचार केला, अशाने हिला कधी विसर पडायचा नाही, आणि त्यांनी रात्र निर्माण केली. रात्र झाली, मग उद्या उजाडला, आणि यमीला विसर पडला.

मला यातलं "आजच" फार खरं वाटतं. भाऊ विसरायला देवांनी सांगितलं असेल, पण भाऊ काही विसरला गेला नाही. आपण दरवर्षी यमद्वितीया करतो, आणि त्या दिवशीची लोकांच्या तोंडी असलेली कथा तर यम बहिणीच्या घरी जेवायला येतो अशी आहे. गेलं ते फक्त "आजच". तुमच्याकडे पंचवीस वर्षं "आजच" चालू आहे, कारण तुम्हाला मधली रात्र मिळाली नाही, पहिल्या दिवसापासून कामाला लागलात. यंदा भाऊबीजेला ओवाळायचं नसेल तर नका ओवाळू. त्याच्या आवडीचं काहीतरी करा आणि चौघं मिळून जेवा. त्याचं नाव जेवताना निघू द्या.

आता आवाजाबद्दल, आणि त्या मित्राबद्दल. तुम्ही लिहिलंय की दादाचा एक जिवलग मित्र खंडेराव मार्केटमध्ये दिसला. टक्कल पडलंय, पोट सुटलंय, आणि तुम्ही भाजीच्या गाळ्यामागे वळलात, कारण "दादा असता तर असाच दिसला असता" हा विचार सोसवला नाही. हा मित्र दरवर्षी उत्तरायणाला घरी फोन करतो आणि तुम्ही उचलत नाही, आईला देता. ताई, ट्रंकेत होतं त्याहून जास्त या माणसाकडे आहे. भाऊ बहिणीपाशी जे बोलत नाही ते मित्रापाशी बोलतो. त्याचं पहिलं प्रेम, चोरून ओढलेली सिगारेट, नोकरीबद्दलची भीती, आणि तुमच्याबद्दल तो मागे काय बोलायचा तेही. शिवाय जिवलग मित्रांना एकमेकांच्या नकला येतात. त्या वयातली मुलं त्याशिवाय दुसरं करतात काय! तुम्हाला आवाज आठवत नसेल, पण त्याने तोंड वाकडं करून दादासारखं एक वाक्य म्हटलं तर तुमच्या कानाला ते ताबडतोब ओळखू येईल.

भेटायला जाल तेव्हा फोनचं रेकॉर्डिंग विचारून चालू करा आणि फोन बाजूला ठेवून द्या. त्याने सांगितलेली गोष्ट तुम्हाला वेगळी आठवत असेल तर दुरुस्ती करू नका. एकाच उत्तरायणाच्या दोन हकिकती असल्या तर दोन्ही ठेवा. "तो कसा होता" असं विचारलंत तर तोही "लाख माणूस" म्हणेल आणि तुम्ही पुन्हा तिथेच. विचारा, तो खोटं कसं बोलायचा? हरल्यावर काय करायचा? कुणाशी त्याचं मुळीच पटायचं नाही? सेव-उसळ कुठे खायला जायचात आणि पैसे कोण द्यायचं? (मला या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराचा अंदाज आहे.)

प्रत्यक्ष आवाजासाठी वेगळीकडे शोधा. १९९५ ते २००० च्या दरम्यान तुमच्या नात्यात, वाड्यात, त्याच्या मित्रांत कोणाकोणाची लग्नं झाली ते आईला विचारून लिहून काढा. त्या काळात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग बऱ्याच घरांनी केलं होतं आणि त्या कॅसेटी माळ्यावर पडून असतात. विशीतला होतकरू मुलगा लग्नात काय करतो? पंगतीत वाढतो, वरातीत नाचतो, कॅमेरा आला की काहीतरी ओरडतो. तिथे तो सापडायची चांगली शक्यता आहे. कॅसेट सापडली तर हौसेने जुन्या व्हीसीआरमध्ये घालून बघू नका. फितीवर बुरशी आली असेल तर फीत तुटते आणि मशीनही खराब होतं. जुन्या कॅसेटी डिजिटल करून देणारे शहरात असतात, त्यांच्याकडे द्या, मूळ कॅसेट परत मागून घ्या आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर. इतरांच्या अल्बममध्येही तो कुठेतरी कोपऱ्यात उभा असेलच.

ट्रंकेतलं "बहुतेक" गेलं असं तुम्ही लिहिता, म्हणजे काही उरलंय. फोटोंचा वाळून चिकटलेला गठ्ठा अजून ठेवला असेल तर तो ओढून सोडवू नका. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं, ते ओलं होऊन वाळलं की चिकटतं आणि ओढलं की चित्रासकट निघतं. आधी आहे त्या अवस्थेत मोबाइलने फोटो काढून ठेवा. मग कडेचा एखादा कमी महत्त्वाचा फोटो स्वच्छ, थंड पाण्यात भिजवून आपोआप सुटतो का बघा. सुटला तर चित्राची बाजू वर करून सावलीत कपड्यावर वाळवा, उन्हात नको. काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन करून घ्या. आणि निगेटिव्हच्या पट्ट्या! रोलवरचे फोटो होते ते, स्टुडिओच्या पाकिटात निगेटिव्ह असायच्याच. फोटो गेला तरी पट्टी शाबूत असेल तर त्यावरून नवा करता येतो. फार मोलाचं काही असेल तर घरी प्रयोग न करता जाणत्याला दाखवा. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून म्युझिऑलॉजीचा विभाग आहे, या विषयाचा देशातला पहिला. जुन्या वस्तूंची निगा हाच तिथला अभ्यास. निदान कुणाकडे जावं हे तिथे विचारता येईल.

बुरशी धरलेले शर्ट मात्र टाका. एखाद्याचा खिसा किंवा कॉलर कापून, धुऊन ठेवा आणि बाकीचं जाऊ द्या.

(हे वाचणाऱ्या इतरांसाठी : पुन्हा पाणी आलं तर ओले फोटो एकमेकांवर वाळू देऊ नका. लगेच वेगळे करायला वेळ नसेल तर स्वच्छ पाण्यात विसळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. नंतर सवडीने सोडवता येतात. आणि विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट आहे. ती दर काही वर्षांनी ओलांडली जाते हे आपण सगळे जाणतो, तरी जपायच्या वस्तू तळमजल्यावर, पलंगाखाली.)

पारितोषिकाचं मला थोडक्यात म्हणायचं आहे. पंचवीस हजार ठेव म्हणून ठेवले तर सात टक्क्यांनी वर्षाला साडेसतराशे रुपये येतात, तेवढ्याचंच बक्षीस. वाईट काही नाही, एखाद्या मुलाला पुस्तकं मिळतील. पण काही वर्षांनी गॅदरिंगला निवेदिका "कै." लावून ते नाव वाचते आणि पुढच्या नावाकडे वळते. दादा कोण होता हे त्या सभागृहात कुणालाच ठाऊक नसतं. राजेरजवाड्यांचं ठीक आहे. सयाजीरावांनी घराण्यासाठी कीर्तिमंदिर बांधलं, आत भिंतींवर नंदलाल बोसांनी चित्रं काढली, ती बघायला तरी लोक जातात. आई गप्प आहे याचा अर्थ तिला खर्च नको आहे असा नसेल. तिला कदाचित यात तिचा मुलगा दिसत नसेल. करायचंच असेल तर पहिल्या नंबराला देऊ नका. तुम्हीच लिहिता की तो बारावीला एकदा नापास झाला होता. दुसऱ्यांदा परीक्षा देऊन पास होणाऱ्याला द्या. शाळेशी व्यवहार लेखी करा, ठेव कुणाच्या नावे आणि व्याज कशावर खर्च होणार ते लिहून घ्या. चुलतभाऊ घाई करत असेल तर करू दे. त्याचंही काही दुःख असेल, त्यालाही विचारा.

दादाला पतंगांचं वेड होतं, तर मला दुसरंच काहीतरी सुचतं. उत्तरायणाला तुम्ही पंचवीस वर्षं गच्चीवर गेलेल्या नाहीत. पूर्वी तुम्ही त्याची फिरकी धरायचात, तो "ढील दे, ढील दे" ओरडायचा आणि तुमची बोटं कापायची, हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. जायचं की नाही ते तुमच्यावर. पण वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, संपलं की झाडांत, तारांत मांजाचे गुंते लोंबत राहतात आणि पुढे महिनाभर पक्षी त्यात अडकतात. राज्य सरकारचं करुणा अभियान १० ते २० जानेवारी पक्षी वाचवण्यासाठी चालतं, पण गल्लीतला गुंता गल्लीनेच काढावा लागतो. १६ तारखेच्या सकाळी मुलाला घेऊन, हातमोजे घालून, बांबू घेऊन तेवढं काम करा. खर्च नाही, भाषण नाही, आणि लोकांचे पतंग कापणाऱ्या दादाचं थोडं प्रायश्चित्तही होईल. विजेच्या तारांना मात्र हात लावू नका.

श्राद्धाचं तुम्ही विचारलंत की बाबा गेल्यावर दादाचं कोण करणार. मी यातली अधिकारी नाही. एवढं सांगते की पितृपक्षात महालयाच्या वेळी ज्यांची नावं घेतात त्यांत भाऊ, मामा, सासरे, गुरू, मित्र, आप्त असे सगळे येतात. अविवाहित गेलेल्यांसाठी पंचमी आणि अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी अशी रीत पुष्कळ घरांत आहे. तुमच्या घरी कोण करू शकेल ते तुमच्या गुरुजींना विचारा. नाहीच जमलं तर आई ज्या मुलाला जेवायला बोलावते ते काही कमी नाही.

शेवटी मुलाबद्दल, आणि हे तुम्ही विचारलेलं नाही. पत्रात जाता जाता आलं आहे की त्याला तुम्ही गाडी शहराबाहेर नेऊ देत नाही, रात्री नऊनंतर बाहेर असला तर दर पंधरा मिनिटांनी फोन करता. दोनेक वर्षांत तो मामाच्या वयाचा होईल. मला वाटतं त्याने "मामा कसा होता" हे नुसत्या कुतूहलाने विचारलेलं नाही. ज्या माणसाच्या मरणाचे नियम तो रोज पाळतो, त्या माणसाची ओळख त्याला हवी आहे. ती द्या त्याला. दोनशे रुपयांचीही सांगा, बारावीचीही. हेल्मेटचा आग्रह सोडू नका, तो बरोबरच आहे. पण फोन कमी करा, आणि का करता ते एकदा मोकळेपणाने सांगून टाका.

ज्यांचं माणूस गेल्याला वर्षही झालेलं नाही त्यांनी यातलं काहीही करायची घाई करू नये. कपाट आवरू नका, कुणी आवरायला आलं तर थांबवा. आणि ज्यांना महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण नाही, जगण्यातच राम उरलेला नाही असं वाटतं, त्यांनी आणि ताई, तुम्हीही तसं वाटलं तर, १४४१६ या टेली-मानसच्या नंबरावर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं आणि गुजरातीतही. इतक्या वर्षांनी काय बोलायचं असा संकोच नको. तुम्हाला बोलायला मिळालंच नव्हतं.

पारितोषिकाचं यंदाच ठरलं पाहिजे असं काही नाही, ते पुढच्या वर्षावर टाका. मित्राला फोन मात्र तुम्हीच लावा, उत्तरायणाची वाट बघू नका. तोही पन्नाशीला आला, त्याच्याही आठवणी पुसट होत असतील. पहिल्या भेटीला मुलाला न्या, आईला नको. आईसमोर तो दादाच्या भानगडी सांगणार नाही, आणि तुम्हाला त्याच ऐकायच्या आहेत.